बाबांच्या व्हीलचेअरची बॅटरी

३ मार्च
नाही म्हणजे नाही! व्हीलचेअरच्या बॅटरीतला बोर्ड मी काढणार नाही. आज परत चढावर बंद पडली. लोकांनी बाबांना ढकलत घरी आणलं. बाबा दारातूनच ओरडले, "बॅटरीत जीव शिल्लक असतो आणि तुझा तो बोर्ड मला रस्त्यात उभा करतो!"

असतोच शिल्लक. तो राहावा म्हणूनच बोर्ड बसवलाय मी!

४ मार्च
अबोला. दिवसभर दुकानात लोकांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायच्या आणि घरी येऊन बाबांचं फुगलेलं तोंड बघायचं. शेवटी जेवताना भिंतीकडे बघून सांगितलं — बॅटरीतला सेल ठरावीक व्होल्टच्या खाली उतरला की आतलं तांबं विरघळायला लागतं. मग चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट. आगसुद्धा लागते! म्हणून बोर्ड त्याआधीच करंटची वाट तोडतो. भिंतीने ऐकलं असावं. बाबांनी नाही.

७ मार्च
आज व्हीलचेअर चढ चढली. पलीकडे आत्याच्या दारापर्यंत जाऊन आली म्हणे! संशय आला. बॅटरीचं खोकं उघडलं — बोर्डाला वळसा घालून तार! छान पीळ घातलेली. बाबांची जन्मभर लाइनमनची नोकरी. फ्यूज उडाला की तार गुंडाळायची आणि लोकांची शाबासकी घ्यायची. तीच अक्कल इथे चालवली. दोन सेल पार तळाला गेलेले. आणि हे धूड उशाशी चार्जिंगला लावून झोपणार होते! पॅक उचलून अंगणात नेऊन ठेवला.

बाबा शांतपणे म्हणाले, "तूही त्या बोर्डासारखीच. माझ्यात थोडं उरलेलं असतानाच बंद करतेस मला."

झोंबलं. खूप झोंबलं. तरी तार लावू दिली नाही.

८ मार्च
बोर्ड राहणारच. पण सेल वाढवता येतात की! चढ ओलांडूनही उरेल एवढा मोठा पॅक बांधतेय. घ्या म्हणावं!

११ मार्च
नवा पॅक, नवा बोर्ड. बाबांनी चष्मा लावून तपासलं. एक जोड कच्चा आहे म्हणाले. नव्हता. पण बोलले तर!

१२ मार्च
संध्याकाळी आत्याचा फोन. बाबा चढ ओलांडून एकटेच तिच्याकडे पोचलेत. आता तिथेच राहणार म्हणतात. चार्जर तेवढा पाठव, म्हणाली.

उद्या नेऊन देईन. घरी चला म्हणून मध्येच बंद करणार नाही त्यांना.