गाठोडं रेवसला, विमान शनिवारी

ती. दिनानाथदादा यांस,

थळहून बाबाजीचा नमस्कार, गुडघे वाकतात तेवढं वाकून. तुमचं बी.पी. खाली असेल, मुरुडला सोनलच्या सासरी लेकीच्या हातचे चार घास सुखाने खात असाल, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणीही नाही. तुम्ही माझा, सगुणाचा म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीचा आणि आमच्या शेजारच्या ओंकारचा (त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलं होतं तुमचं?) असे तिन्ही नंबर ब्लॉक केलेत. सोनलच्या घरी फोन लावला तर जावई म्हणाले, आप्पा वाडीत गेलेत, आणि पाठीमागून तुमचा खोकला ऐकू आला. एकतीस वर्षं मी कारखान्यात खताच्या गोणी मोजल्या, पण तुमचा खोकला ओळखायला मोजदाद लागत नाही. म्हणून शेवटी हा कागद. चारच्या मुरुड गाडीचा कंडक्टर येसाजी तो तुमच्या हातात देईल. मी स्वतःच येणार होतो, पण सगुणाने शपथ घातली की पत्रच लिहा, तोंडाने बोलायला गेलात तर आहे तेही मोडाल. आज गुरुवार. आमचं विमान शनिवारी दुपारी एकला. मध्ये शुक्रवार तेवढा एकच उरलाय.

भांडण मुळात कुठून सुरू झालं ते तुम्ही सोनलला तुमच्या पद्धतीने सांगितलं असणारच, म्हणून मी माझ्या पद्धतीने लिहून ठेवतो. आमच्या जावयाने, प्रज्योतने, लंडनमध्ये दोन वर्षं कांद्या-बटाट्यापासून चपलेपर्यंत सगळी खरेदी एकाच कार्डावर केली. त्या कार्डाचे पॉइंट साठले, त्यात आमच्या दोघांची तिकिटं निघाली. वर कार्डवाल्यांनी एक अपग्रेड व्हाउचर दिलं. म्हणजे असं, की पॉइंट भरायचे मागच्या वर्गाचे आणि बसायचं पुढच्या वर्गात, जिथे खुर्चीचा पलंग होतो. पण त्याच्या अटी पाहिल्यावर आपल्याकडच्या लग्नाच्या याद्या परवडल्या असं मी म्हटलं. जोडप्यातल्या दोघांनाही व्हाउचर चालतं, पण दोघं एकाच बुकिंगवर पाहिजेत, एकाच दिवशी, एकाच विमानात. पॉइंटवाल्यांसाठी पुढच्या वर्गात जागा सोडतात त्या दोनच, त्याही कधी सोडतील ते त्यांचं त्यांना माहीत. व्हाउचरची मुदत या महिन्याअखेर संपते. प्रज्योत अकरा दिवस कामावर जायच्या आधी उठून बघत होता, तेव्हा कुठे हा शनिवार सापडला. आता एकाने जरी माघार घेतली तरी बुकिंग मोडून नव्याने करावं लागेल, आणि नव्याने करायला जागाच नाहीत.

आणि हे चोचले नव्हेत, दादा. सगुणाच्या मणक्याचं तुम्हाला ठाऊक आहे. अलिबागच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सलग दोन तासांच्या वर बसायचं नाही, आडवं पडून जाता आलं तर जा, नाहीतर विसरा. पलंगाची खुर्ची मिळाली तर ती लेकीच्या बाळंतपणाला पोचते, नाही मिळाली तर थळच्या पडवीत बसून फोनवर बाळ बघते. अमिषाची तारीख पुढच्या आठवड्यातली. गेल्या खेपेला चौथ्या महिन्यात गेलं तेव्हा पोर तिकडे रडत होती आणि आम्ही इकडे फोन हातात धरून बसलो होतो. तसं पुन्हा बसायची माझी ताकद नाही, हे मी तुम्हाला सोडून कोणाला सांगितलेलं नाही.

एवढं सगळं जुळून आलं, आणि तुम्ही पंचांग काढलंत. शनिवारी अमावास्या. तुमचं म्हणणं, सगुणाला गुरुवारी पुढे पाठवा, तुम्ही मागाहून प्रतिपदा बघून जा. मी चारदा समजावलं की व्हाउचर जोडीचं आहे. त्यावर तुम्ही म्हणालात, "विमानवाले काय सत्यनारायणाला बसवतायत, जोडीनेच पाहिजे म्हणून?" (हे मी नंतर लंडनला सांगितलं. प्रज्योत अजून हसतोय. मी तेव्हा हसलो नव्हतो.) शेवटी सगुणानेच तोड काढली की रविवारचा दिवस चांगला आहे, रविवारी प्रस्थान ठेवू. चांगल्या दिवशी गाठोडं वाटेवरच्या घरी नेऊन ठेवलं की माणूस निघाल्यासारखाच, मग खरं निघणं अमावास्येला असो नाहीतर ग्रहणात. मुंबईची लाँच रेवसहूनच पकडायची, म्हणून प्रस्थान रेवसला तुमच्याच घरी. नारळ, दोन सुपाऱ्या, तिचा खण आणि माझा एक बनियन (नवा, तुम्ही म्हणता तसा भोकाचा नव्हे) लाल फडक्यात बांधून आम्ही आणलं, तुम्ही ते खुंटीला अडकवलंत, इथवर सगळं ठीक होतं.

मग तुम्ही चार माणसांत म्हणालात की मी दिवस काढून दिला म्हणून यांचं विमान उडेल. आणि माझी जीभ सुटली. तुमच्या टेम्पोचं मी काढलं. साडेअकराचा मुहूर्त गाठून टेम्पो बाहेर काढलात आणि बाराच्या आत तो खाजणाच्या चिखलात रुतला, ओहोटी होती म्हणून वाचलात, असं मी बोललो. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, बोलायला नको होती. पण तुम्हीही सोमवारी सकाळी घराला कुलूप ठोकून, चावी करगोट्याला बांधून मुरुड गाठायला नको होतं.

आता खरं संकट ऐका. मंगळवारी अमिषाचा फोन आला, बाबा, चेक-इनसाठी दोघांचे पासपोर्ट काढून ठेवा. मी कपाट उघडलं. नाहीत. सगुणाला विचारलं तर ती सुकट निवडता निवडता म्हणाली, "ते गाठोड्यात घातलेत. सुपारीवर काय नाव असतं का? पासपोर्टावर फोटो हाय. देवाला कळायला नको, कोण निघालंय ते?" दादा, चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कधी तर्काने उत्तर दिलं नाही, आणि दिलं ते नेमकं यावेळी.

आज सकाळच्या पहिल्या गाडीने मी रेवसला गेलो. कुलूप तसंच. तुमच्या शेजारच्या गोदूवहिनी म्हणाल्या, सोमवारपर्यंत येत नाहीत म्हणून सांगून गेलेत. मी मागच्या खिडकीशी गेलो. गाठोडं समोर दिसत होतं! लाल फडकं, वर तुम्ही मारलेली ती गाठ (ती गाठसुद्धा तुमच्यासारखीच, सुटायची नाही). गोदूवहिनींकडून शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी आणली, गजांतून हात घातला, तिसऱ्या खेपेला आकडी फडक्यात अडकली आणि माझं कोपर गजांत अडकलं. पुढे सरेना, मागे येईना. तेवढ्यात जेट्टीवरून येणारी दोन माणसं थांबली, त्यांना वाटलं चोर. मी सांगतोय, हे माझ्या मेहुण्याचं घर आहे, आत माझा पासपोर्ट आहे. तर एक जण म्हणतो, मग बाहेर कसे? गोदूवहिनींनी कोपराला खोबरेल तेल लावलं तेव्हा सुटलो. तरी आकडी मी सोडली नव्हती, एक हिसका दिला असता तर गाठोडं खिडकीशी आलं असतं. पण वहिनींनी सगुणाला फोन लावून दिला होता, आणि ती म्हणाली, "ज्याच्या हातात ठेवलं त्याच्याच हातून घ्यायचं. माझ्या माहेरची खिडकी उचकटून मला लंडन नको." कुलूप फोडू का विचारलं, तर तिने फोनच ठेवला. घरी येऊन बघतो तर बाई शांतपणे बॅगेत सुकट आणि तांदळाच्या पिठाची पुडकी भरत बसलेली. हिला काळजी कशी नाही, याचीच मला काळजी लागली आहे.

तर असं आहे. वाद तुमचा-माझा, अडकली ती पोर. सोनलला आणि तिच्या घरच्या मंडळींना नमस्कार. तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या.

आपला,
बाबाजी

ता.क. : चावी येसाजीकडे परत पाठवा. उद्या सकाळच्या गाडीने तो रेवस गाडीच्या कंडक्टरला देईल, मी बोलून ठेवलंय. यायची तसदी घेऊ नका.

ता.क. २ : वरचं शेवटचं वाक्य रागात लिहिलंय. आलात तर बरं होईल. आणि ते टेम्पोचं. बावीस वर्षं तुम्ही म्हणत आलात की अचानक समोर गुरं आली. गुरं नव्हती. मी तुमच्या शेजारी बसलो होतो आणि "डावीकडे घ्या, डावीकडे रस्ता सुका आहे" असं मीच म्हणालो होतो. तुम्ही तेव्हा चार माणसांत माझं नाव घेतलं नाहीत, आणि मी रविवारी चार माणसांत तुमचं पंचांग काढलं. माझं चुकलं. हे वाचून झाल्यावर सोनलला दाखवू नका.

दादा, मी सगुणा. हे पाकीट आणायला ओंकारकडे गेलेत तेवढ्यात लिहितेय. अक्षर समजून घे. पासपोर्ट गाठोड्यात न्हायत, कधी नव्हतेच. माझ्या तांदळाच्या डब्यात हायत. तुमचं दोघांचं बोलणं बंद ठेवून मी समुद्र ओलांडणार न्हाय. माझा मणका हा असा, तुझं बी.पी. तसं, परत आल्यावर कोण कोणाला भेटतं ते कोणी सांगावं? हे तोंडानं माफी मागणारे न्हायत, लिवतील म्हणून शपथ घातली. आता लिवलंय. उद्या सांजच्याला रेवसला येऊन घर उघड. शनिवारी सात वाजता आमी येतो, गाठोडं तुझ्या हातानं दे आणि अमिषाच्या बाळासाठी तुझ्या जुन्या धोतराचं एक मऊ फडकं दे. पासपोर्टाचं यांना बोलू नको. यांना विमानाची लई भीती वाटते, डोक्यात राग हाय तवर ती आठवत न्हाय. लाँच सुटली की मी सांगेन.

टेम्पोचं मला बी आत्ताच कळलं. नऊ तास दोघं शेजारी हाव, तवा बघते मी यांच्याकडे.