शर्वीला मारायची हाक

हर्षद, नाईटवरून आलास की आधी चहा घे, मग बस. तुझा बाप तुला एक गोष्ट सांगतोय. चिठ्ठीत सांगतोय, म्हणजे तुला मधे बोलता येणार नाही.

काल तुझी पोरगी दारात बसून सगळ्यांच्या चपला एका लायनीत लावत होती. मी मागून हाक मारली, वळली नाही. तुझी आई म्हणते, "कोण शर्वी म्हणतं, कोण चेडवा, कोण चिमणे. पोर बघणार कुठल्या हाकेला?" मला पण इतके दिवस ते पटलेलं. म्हणून काल एकेक करून सगळी नावं घेतली. एकाला बघेल तर शपथ! आणि आत बिस्किटचा पुडा वाजला तशी सुसाट पळाली. म्हणजे कान झकास आहेत रे.

दोन वर्षांची झाली, बोट दाखवून काही मागत नाही. माझा हात धरून फ्रीजवर नेऊन ठेवते, तोंडाकडे बघत पण नाही. जन्मभर पक्कड वापरली, आता मीच पक्कड झालो.

ऋतिका आई आहे तिची, ती हेच सांगते तर तू तिच्यावर ओरडतोस. मी हॉस्पिटलात नंबर लावायला गेलोय. दोघींना घेऊन ये. काय ते डॉक्टर ठरवतील, मी नाही नि तू पण नाही.

निघताना एक कर. शर्वीच्या मागे उभा राहा, तुझ्या आवडीच्या नावाने एकदा हाक मार. वळली तरी आण, नाही वळली तरी आण.