सोमवारची निळी गोळी

सोमवार, २८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार. शाळेत पोचेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत चिंब. आज आठवी ते दहावीच्या मुलींना लोहाची निळी गोळी द्यायचा वार. हे काम माझ्याकडे आहे, कारण मी विज्ञान शिकवते आणि दुसरं कुणी हात वर केला नाही. मधल्या सुट्टीत गोळ्या वाटल्या, "गिळा" म्हटलं, दारात उभी राहून वह्या तपासल्या. रजिस्टरात सगळ्यांच्या नावापुढे टिक सकाळीच मारून ठेवली होती. चारच्या आत आकडा ऑनलाइन जावा लागतो, दुपारी रेंज जाते, मग आधीच मारलेली बरी. शंभर टक्के. मुख्याध्यापक खूश.

"उपास कुणाकुणाचा?" विचारलं. निम्म्याहून जास्त हात वर. बरं वाटलं. म्हटलं, शाब्बास, मनाला वळण लागतं. माझाही सोमवार आहेच, लग्नापासूनचा, बावीस वर्षं झाली.

बुधवार, ३० जुलै

काजल, नववीतली. वर धनगरवाड्यावरून तासभर डोंगर उतरून येते. आज तासाला डोकं बाकावर. वर बघ म्हटलं तर तोंडात काहीतरी. खिशात हात घालून दाखवलंन, कच्चे तांदूळ. मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "पोटातच भातलावणी चाललीय का गं?" वर्ग हसला. तीही हसली. हुशार पोरगी, पण यंदा नुसती पेंगते.

ओठ पांढरे वाटले. पावसात भिजून येतात, सगळ्यांचेच तसे दिसतात.

सोमवार, ४ ऑगस्ट

काजल पडली. प्रार्थनेला, उभ्या उभ्या. कपाळाला खोक. चित्रकलेच्या सरांच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेली, डोकं माझ्या मांडीवर. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ. बारा तरी हवं. मी दरवर्षी फळ्यावर लिहिते हे, आणि रक्त कमी असलं की मुली माती, खडू, तांदूळ खातात हेही मीच सांगते. आणि परवा मीच वर्गाला हसवलं. लाज वाटली.

डॉक्टरीण अगदी तरुण. विचारलंन, शाळेत लोहाच्या गोळ्या घेते का. मी म्हटलं, दर सोमवारी, न चुकता, रजिस्टर आहे. काजलला विचारलंन, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. डॉक्टरीण विचारात पडली. वर्षभर गोळ्या घेऊन रक्त एवढं खाली असेल तर कारण वेगळं असणार म्हणाली. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली.

काजलची आई, सुरेखा, धरणाकाठच्या रिसॉर्टात चादरी धुवायला जाते. ओल्या हातांनीच आली. तिला चिठ्ठी वाचून दाखवली मी. 'रक्ताचा गंभीर आजार आहे का पाहावे' हे वाक्य मात्र भरभर वाचलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

शाळा झाडायला येतात त्या शांताबाई म्हणाल्या, मुलींच्या संडासामागचं गटार धुवायला पाणी जास्त सोडा. का? तर म्हणे दर सोमवारी निळं होतं.

जाऊन पाहिलं. भिंतीला लागून विरघळलेल्या गोळ्या. नव्या, जुन्या. एका सोमवारच्या नव्हेत.

काजलच्या बाकावरची ऋतुजा. तिला बाजूला घेतलं. मग म्हणाली, "बाई, काजल कधीच गिळत न्हाई. तिचा उपास असतोय. उपाशीपोटी घेतली की मळमळतंय, उलटी होतीय." मग सांगायचं नाही का मला? तर म्हणे, गेल्या वर्षी एकीला वर्गात उलटी झाली तेव्हा तुमीच लई ओरडला.

ओरडले होते. सतरंजी खराब झाली म्हणून.

आईबरोबर काजलही वर्षभर सोमवार धरते. सकाळी कोरा चहा, मग थेट संध्याकाळी. गोळीचा वार सोमवार. म्हणजे तिच्या पोटात एकही गोळी गेली नसणार. गोळी जेवणानंतर द्यायची, हे पाकिटावर छापलंय. माझ्या प्रशिक्षणाच्या वहीतही आहे, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. आणि मी उपास करणाऱ्या पोरींना शाब्बास म्हणत होते.

चार वाजता मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. पाणी प्या म्हणाले. मग म्हणाले, बाई, वर्षभराचं रजिस्टर आहे, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. पुण्यात तपासण्या होताहेत त्या होऊ देत. काही निघालं नाही तर चांगलंच की. तपासणीनं कुणाचं वाईट होतं का?

तेव्हा मला ते पटलं. पटवून घेतलं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सुरेखाला फोन केला. एक बाटली रक्त चढलं. पोरगी बोलायला लागली, पण डॉक्टरांना समाधान नाही. सोमवारी हाडात सुई घालून तपासणार. वाड्यावर बातमी पोचलीय की काजलला रक्ताचा कॅन्सर झाला. नवरा बंगल्यावरचं माळीकाम सोडून तिथेच बसून आहे. म्हणतो, तसलंच काही निघालं तर पोरीला घरी न्यायची. शाळा कशाला, आहेत तेवढे दिवस माझ्यासमोर राहू दे.

मग सुरेखा म्हणाली, "बाई, डॉक्टर सारखं विचारत्यात गोळ्या घेती का. मी म्हनलं, बाई सोता देत्यात आन् सोता बघत्यात."

मी "हो" म्हटलं.

हे खोटं दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मला माहीत तरी नव्हतं.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. भाऊ येऊन गेला. नारळीभात करपला. ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, म्हणाले, नोकरीची आठ वर्षं राहिलीत, विचार कर. मग म्हणाले, पोरीच्या हाडात सुई...

माझा राग येतोय मला, आणि रागावून काही होत नाही.

रविवार, १० ऑगस्ट

पहिल्या एसटीनं पुण्याला. चांदणी चौकापर्यंत उभीच. वाटेत तीनदा ठरवलं की नुसतं भेटून यायचं.

वॉर्डात डॉक्टर भेटले, मध्यमवयीन, झोप न झालेले. म्हटलं, मी तिची शाळेतली बाई. तिने गोळ्या घेतलेल्या नाहीत. एकही नाही. मी न बघता टिका मारल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, केसपेपर ओढला आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता विचारत होते. उपास किती, चहा किती, पाळीत किती दिवस जातं. शेवटच्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. सुरेखाला विचारलं तर आठ-आठ दिवस. आधी डॉक्टरांनी काजलला हे विचारलं तेव्हा बाप शेजारी बसलेला, आणि ती गप्प.

डॉक्टर म्हणाले, सुई थांबवू. आधी लोह देऊन पाहू, पंधरा दिवसांनी रक्त वर आलं तर कारण हेच. नाही आलं तर मग सुई. शंका गेलेली नाही, समजून घ्या. आणि हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, मॅडम. एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सुरेखाला सांगितलं. तिने हातातल्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

काजल उठून बसली होती. तिला म्हटलं, तू तरी डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंस? तुला सुई घालणार होते गं.

"सांगनार व्हते बाई. पन मग तुमचं नाव खराब झालं असतं."

चौदा वर्षांची पोर. माझं नाव राहावं म्हणून हाडात सुई घालून घेणार होती. एसटीत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, घरी काही झालं का. हो म्हटलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

गोळीचा वार. डब्यात पोळी आणि मेथीची भाजी नेली. मधल्या सुट्टीत मुलींच्या समोर बसून जेवले. श्रावणी सोमवारी. पहिला घास पाण्याबरोबर गिळला, बावीस वर्षांची सवय. म्हटलं, ज्यांचा उपास आहे त्यांनी आज गोळी घेऊ नका, उद्या जेवून घ्या. आणि ज्यांना सोडायचा असेल त्यांच्यासाठी पोळ्या जास्त आणल्यात. आजवर मी चुकीचं सांगत आले, तुमचं चुकलं नाही.

चारच जणी आल्या. ऋतुजा शेवटी आली, अर्धी पोळी घेऊन परत गेली. बाकीच्या बघत राहिल्या. एक जण मागून म्हणाली, बाईंचा उपास मोडला, आता काय होईल?

रजिस्टरात जेवढ्या गिळल्या तेवढ्याच टिका. मागच्या पानांवर लाल शाईनं लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिलेले नाही', आणि सही केली. मुख्याध्यापकांनी रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावलं. लेखी खुलासा मागितलाय. देईन. ऑनलाइन कमी आकडा भरला तर लगेच वरून फोन आला की मुलींची संख्या अचानक का घटली. इतकी वर्षं कधी कुणाचा फोन आला नव्हता.

गुरुवार, १४ ऑगस्ट

काजलला घरी सोडलं. शाळा सुटल्यावर वाड्यावर गेले. चिखल, दोनदा घसरले, चप्पल हातात घेऊन चढले. बाप ओट्यावर होता, मला बघून गोठ्याकडे गेला. मी असेपर्यंत आला नाही.

काजलच्या तोंडावर थोडी कळा आलीय. ओठ अजून तसेच. पुढच्या तपासणीला बारा दिवस आहेत. कागदावर डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, गोळी रोज, जेवल्यावर, उपास नाही. सुरेखानं तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय.

तिला म्हटलं, गोळ्यांची काळजी करू नका, शाळेत मी समोर बसवून...

"न्हाई," ती म्हणाली. "गोळी मी देनार. माज्या हातानं." रागात नव्हती. रिसॉर्टातनं आलेली, दमलेली.

शाळेचं विचारलं. काजलला यायचंय. बापाचं म्हणणं, आता मामाकडं ठेवू, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणजे काय ते मला कळतं. मामाच्या गावात तिच्या वयाच्या दोघींची लग्नं झालीत. म्हटलं, सुरेखा, शाळा तोडू नका, तिला पुढं शिकू द्या. माझं ऐका एवढं.

ती चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "तुमचंच ऐकत आलो की बाई. उपास करती म्हनून तुमी शाब्बास म्हनला, ते पोरीनं घरी येऊन सांगितलं व्हतं. लई खूश व्हती त्या दिशी."

मी म्हटलं, मग आता डॉक्टरांचं ऐका.

"डॉक्टर तरी कुनाचं ऐकत व्हते?"

काजल दारात उभी होती, दप्तर पाठीला लावून. उद्या झेंडावंदन. मायलेकी दोघी, मी आता काय सांगते म्हणून, माझ्याकडे बघत होत्या.