न केलेल्या प्रयोगाची सही

प्रिय मॅडम,

आज टीवाय बीएस्सीचा निकाल लागला. केमिस्ट्री घेऊन पहिल्या वर्गात पास झाले! निकाल कळला तसे पाय सवयीने थेट लॅबकडे वळले. दारात पोचल्यावर आठवलं, तुम्ही आता नाही आहात. मग सांगू कुणाला? म्हणून हे पत्र लिहायला बसले. शुद्धलेखन तपासू नका, प्लीज.

आमच्या बाळकुमच्या घरात कबड्डीचे कप पुष्कळ, पदवी एकही नाही. सकाळी सहाला प्रॅक्टिस, मग लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी परत ग्राउंड. मी बसमध्ये उभ्या उभ्या झोपायचे. आई ओरडायची, "खेलाचं का शिकाचं, एक काय तं ठरव गो!" मला दोन्ही हवं होतं. हट्टीच आहे मी.

तुमची-माझी खरी ओळख झाली ती माझ्या चोरीमुळे. टूर्नामेंटच्या नादात माझी पाच प्रॅक्टिकल्स बुडाली. लेक्चरची हजेरी जिमखान्याच्या पत्रावर मिळायची, पण जर्नलवर तुमची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं. मी मैत्रिणीचं जर्नल आणलं आणि पाचही प्रयोग उतरवून काढले. इतकं मन लावून, की तिच्या तारखासुद्धा! त्यातल्या एका तारखेला मी डोंबिवलीत मॅच खेळत होते, आणि त्या मॅचचा आमचा फोटो तारखेसकट कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेला.

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "भाग्यश्री, या दिवशी तुझ्या हातात ब्युरेट होती, की समोरच्या रेडरचा पाय?"

अख्खी लॅब हसली. मला रडू फुटलं. "मी खेळ सोडते मॅडम," असं म्हणाले तर तुम्ही किती चिडलात! "सोड असं कोण म्हणालं तुला? न केलेल्या प्रयोगावर मी सही करणार नाही, एवढंच. सोमवारी साडेसातला ये. लॅब मी उघडते."

त्यानंतर दर सोमवारी तुम्ही नौपाड्याहून माझ्या एकटीसाठी लवकर यायचात. मी ग्राउंडवरून धुळीने माखून यायचे. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही, ही तुमची पहिली अट. "हळू. इथे झडप घालायची नाही. एकेक थेंब सोड." आणि मग स्वतःच विचारायचात, "बरं, तो पाय नेमका पकडतात कसा?" मी टेबलाभोवती फिरून दाखवायचे आणि तुम्ही घाईघाईने बाटल्या बाजूला सरकवायचात. त्या सोमवारांत मी जितकी हसले, तितकी तीन वर्षांत कुठल्या लेक्चरला हसले नाही.

जिने चढून आलात की तुम्ही थोडा वेळ टेबलाची कड धरून उभ्या राहायचात. मला वाटायचं, वय झालं, दम लागत असेल. एकदाही विचारलं का नाही मी?

चार प्रयोग झाले, चार सह्या झाल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही आलाच नाहीत. हॉस्पिटलमध्ये आहात असं कळलं, आणि तीन आठवड्यांनी तुम्ही गेल्याचीच बातमी आली.

तुमच्या जागी आलेल्या मॅडम चांगल्या आहेत हो. एका शनिवारी म्हणाल्या, "एकच प्रयोग राहिलाय ना? कुणाचं तरी बघून लिही, मी सही करते. तुमची आज सेमीफायनल आहे ना?" होतीच, दुपारी दोनला, कल्याणला. पण मी लॅब उघडून मागितली. पहिलं रीडिंग चुकलं, दुसरं त्याहून चुकलं. तीन रीडिंग्ज नीट जुळली तोवर साडेबारा वाजले आणि टीमची गाडी कधीच निघून गेलेली. धावत खोपटच्या स्टँडवर जाऊन एसटी पकडली. टॉसच्या वेळी मैदानावर पोचले. आमचे सर ओरडायचे तेवढे ओरडले.

सेमी जिंकलो, मॅडम! शेवटची पकड माझी! फायनल हरलो, ते जाऊ दे. त्या शनिवारचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा आजच्या निकालाचाही वाटत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलंय. शोकसभेत सगळे तुम्हाला हॉस्पिटलमध्ये भेटून आल्याचं सांगत होते. मला कुणीतरी विचारलं, "तू पण गेलेलीस ना?" मी हो म्हणून मान हलवली. मी गेले नव्हते, मॅडम. प्रॅक्टिस संपली की जाऊ, सबमिशन झालं की जाऊ, असं करत राहिले.

आज पेढे घेऊन तुमच्या घरी गेले आणि तुमच्या मिस्टरांना, म्हणजे काकांना, खरं सांगून टाकलं. त्यांनी पेढे तुमच्या फोटोसमोर ठेवले. मग म्हणाले, "तिनेच बजावलं होतं, भाग्यश्रीला बोलावू नका. प्रॅक्टिसही बुडवेल आणि प्रॅक्टिकलही." अहो मॅडम, हा कुठला न्याय? एकदा हाक मारायचीत की! एका सकाळी नसते गेले ग्राउंडवर.

एमएस्सीला प्रवेश मिळतोय आणि तिथल्या टीमनेही घेतलंय. दोन्ही करणार आहे. दोन्हीतलं काही ना काही बुडणार, हे मला आता माहीत आहे. जे बुडेल ते बुडालं म्हणून सांगेन. पण जिथे मी नव्हते, तिथे होते असं यापुढे लिहिणार नाही, आणि कुणी विचारलं तर मानही हलवणार नाही. शब्द देते.

तुमची विद्यार्थिनी,
भाग्यश्री