कार्ड तापण्याचे खरे कारण

तीर्थरूप गजेंद्रभाऊ यांस,

तेल्हाऱ्याहून खुशालरावचा रामराम. तुमची शुगर आटोक्यात असेल, पौर्णिमावहिनींचा गुडघा वळत असेल आणि अमरावतीच्या नव्या हॉलच्या फरशीवर अजून कोणी घसरले नसेल, असे धरून चालतो. इकडे पारा पंचेचाळीसवर आहे आणि तुमची बहीण वच्छला त्याहून दोन अंश वर.

कारण तुमची भाची. अपेक्षाला पुण्याच्या एका कंपनीने नोकरीआधीची परीक्षा म्हणून दोन मिनिटांची फिल्म करायला दिली आहे, धडधडत्या हृदयाची, आतून-बाहेरून. शनिवारी द्यायची आहे. तिच्या कॉम्प्युटरला ते झेपेना, म्हणून आम्ही बापलेक अकोल्याहून भारीतले ग्राफिक कार्ड घेऊन आलो. (किंमत विचारू नका. वच्छलालाही सांगितलेली नाही.) मी तीस वर्षे धागा ओढून कापसाची प्रत सांगत आलो, तेव्हा न पाहता माल घेणार नव्हतो. सीलबंद खोका फोडायला लावला, कार्ड तळहातावर तोलले, तिन्ही पंखे बोटाने फिरवून पाहिले. दुकानदार म्हणाला, "काका, हा काई बैल नाई, दात पाहाले!" मी म्हटले, "मंग चालवून दाखव." अर्धा तास चालवले, साठ अंशांवर गेले नाही. पसंत केले. दुकानात एसी होता हे माझ्या लक्षात आले नाही, एवढी चूक कबूल करतो.

घरी दुसऱ्याच दिवशी कार्ड अठ्ठ्याऐंशीवर गेले आणि हृदय मध्येच बंद पडले. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटले, तापते तर थंड करू, त्यात काय! ओसरीतला मोठा कूलर मधल्या खोलीत आणला, तिच्या टेबलाकडे तोंड केले. पाणी घातले नाही (ओल यंत्राला बाधते एवढे मला कळते), वारा मोकळा यावा म्हणून गवताच्या ताट्याही काढल्या, आणि कॅबिनेटची एक बाजू उघडी टाकली. तासभर फरक पडला. मग नव्वद. मी कूलरचा वेग वाढवला. ब्याण्णव. अपेक्षा म्हणाली, "बाबा, तुमी थंडं करून राहिले का शेकून राहिले?" तेव्हा माझेच डोके तापले.

कार्ड टॉवेलात गुंडाळून पहिल्या एसटीने पुन्हा अकोला गाठले. दुकानदाराला मी जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. त्याने कार्ड उघडले आणि चिमट्याने पंख्यांमागून कापसाचा चांगला वीतभर पुंजका ओढून काढला. मी तो हातात घेतला, सवयीने धागा ताणला आणि भर दुकानात म्हणालो, "लांब धाग्याचा हाये. माल एक नंबर हाये." मग ओळखला. आमचाच होता. भाव येईल म्हणून मधल्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवलेला बारा क्विंटल, आणि कूलर त्याच्याच अंगावरून वारा ओढत होता. मी माफी मागितली. दुकानदाराने वर चहा पाजला.

आता कार्ड साफ आहे, पण खोली रिकामी झाल्याशिवाय ते टिकणार नाही. वच्छला म्हणते, विकून मोकळे व्हा. अपेक्षा म्हणाली, "राहू द्या बाबा, मी पुण्याले नाई म्हणून कळवतो." भाऊ, माझ्या कापसापायी पोरगी माघार घेणार नाही. आणि या भावात मी कापूसही देणार नाही. दोन्ही गोष्टींवर मी ठाम आहे.

आपला,
खुशालराव

ता.क. पौर्णिमावहिनींना विचारून पाहा. सोफा गच्चीवर गेला तर तुमच्या हॉलमध्ये बारा क्विंटल ऐसपैस बसतो. भाव येईपर्यंतच.

ता.क. २. विचार करून कळवा, असे लिहिणार होतो, पण शनिवारला तीनच दिवस उरले. हे पत्र तुमच्या हातात देणारा किशोर टेम्पो चालवतो. त्याला चहा द्या, तोवर दाराची दुसरी फळी उघडून ठेवा.