जावयाविना छप्पर

सुरिपाता,
२७ नोव्हेंबर

प्रिय मोदेस्ताताई,

इकडे सगळे बरे आहेत, आणि तूही बरी असशील असं धरून लिहायला बसले आहे. थंडी कमी झाल्यापासून आईचा गुडघा कुरकुरत नाही. बाबांचे बटाटे लावून झाले. काळ्या मेंढीला जुळं झालं, त्यातलं एक लंगडतं. आई त्याला चुलीजवळ ठेवते आणि मग दिवसभर त्याच्यावरच ओरडते.

फोन का नाही केला, असं विचारशील. केला. रविवारपासून करते आहे. कधी वाजत राहतो, कधी बंदच. म्हणून हे बासिलियाआत्याच्या सुनेबरोबर पाठवते आहे. ती उद्या साओ पाउलोच्या बसने निघते. पाकिटावर पत्ता लिहिलेला नाही, तिला तोंडी सांगितला आणि तीनदा म्हणायला लावला. पाकीट सगळ्या बाजूंनी चिकटवलंय. आत काय जाड लागतंय ते पुढे सांगते.

आधी प्रकल्पाचं. तू नेहमी म्हणतेस की मी प्रकल्पाचं बोलायला लागले की थांबत नाही, तर आज तुला थांबवता येणार नाही.

आधीच्या सत्रातला तुला आठवत असेल, एल आल्तो शहरातल्या बाजारासाठी लव्हाळ्याच्या चटयांची सावली. कागदावर फार सुंदर होती. नमुना उभा केला त्याच दिवशी वारा सुटला आणि माझी सांस्कृतिक अभिव्यक्ती उडून मिनीबसच्या काचेवर जाऊन बसली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमची भिंत घेऊन जा, मला रस्ता दिसत नाही." त्या प्रकल्पात मी कशीबशी पास झाले. पण त्यातून एक शिकले, की आपल्याकडे काय टिकतं ते टेबलावर बसून ठरवायचं नाही, गावात जाऊन बघायचं. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी आपल्या अंगणात घेतला. एक खोली, खरीखुरी, पूर्ण मापाची. नाव दिलं 'परतणाऱ्यांचं घर'. परदेशातून येणारी आपली माणसं पैसे साठवून सिमेंटचे मजले चढवतात आणि मग त्यात कुडकुडत झोपतात. तसं नसलेलं घर. भिंती कच्च्या विटांच्या, हातभर जाड. खिडकी उत्तरेला, आपल्याकडे ऊन तिकडूनच येतं, म्हणजे दिवसभराचं ऊन भिंत पिते आणि रात्री परत देते. वर इचू गवताची शाकारणी.

गावानं नावं ठेवायची ती ठेवलीच. आत्या म्हणाली, "एवढी शिकलीस ती मातीत हात घालायला? ते आम्हाला न शिकता येत होतं." बाबा मात्र वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आर्किटेक्टबाईंचं काम चाललंय." त्यांना ते नाव इतकं आवडलंय की मला हाक मारतानाही तेच म्हणतात. "आर्किटेक्टबाई, मेंढ्या आत घ्या."

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी एक वाक्य लिहिलं होतं: या घराचं छप्पर दुकानात मिळत नाही, ते नात्यातून येतं. खाली चित्र काढून दाखवलं होतं. दोर बायका वळतात, गवत शेजारी कापून आणतात, आणि आढ्यावरची बांधणी घरचा जावई करतो. घरच्या माणसांनी छपराला हात लावायचा नाही, लग्नानं घरात आलेल्यानं ते चढवायचं. आमच्या मार्गदर्शक अर्सेबाईंनी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आणि ते वर्गात वाचून दाखवलं. त्या दिवशी मला आनंदानं जेवण गेलं नाही. हे जूनमधलं. ऑगस्टमध्ये तुझा तो फोन आला.

तो फोन आल्यावर मी चित्र बदलायला हवं होतं का, हे मला कळत नाही. काय बदलायचं होतं? आपल्या घरात जावई एकच.

गवताचं सांगायचं राहिलं. या वर्षी इचू आखूड निघालं, म्हणून वरच्या डोंगरावरून आणावं लागलं. लामांच्या पाठीवरून उतरवलं. आईनं आणि आत्यानं मिळून इतका दोर वळला की त्यांच्या तळहातांची सालं निघाली. दोर फार छान झाला होता, ताई. हे सगळं मी का सांगते आहे ते तुला समजलं असेल. बरं, शनिवारच्या शाकारणीचं सांगते.

दाजी महिन्याच्या सुरुवातीलाच, सर्व संतांच्या सणाला, गावात आले. मोदेस्ता नाताळनंतर येतेय म्हणाले. बाबांनी त्यांना मिठीच मारली. "आमचा जावई छपरासाठी खास आला," असं साऱ्या गावाला सांगत फिरले. तू शपथ घातली होतीस, की तुझी कागदपत्रं हातात येईपर्यंत, तू दाजींना सोडलंस हे घरी कळू द्यायचं नाही. नाहीतर तुमच्या लग्नाची जबाबदारी घेतलेले धर्मपिता दोन बाटल्या आणि कोकाची पानं घेऊन येतील, दोघांना समोरासमोर बसवतील, 'नांदा आता' म्हणतील, आणि तुला परत त्या खोलीत जावं लागेल. मी गप्प बसले ते त्यासाठीच. आणि खरं सांगू, परीक्षकही बुधवारी येणार होते. दोन्ही कारणं होती. कुठलं जास्त होतं ते मी स्वतःला विचारलं नाही.

ते काम चांगलं करतात. हे लिहायला मला आवडत नाही, पण करतात. सकाळपासून वर होते. छपराचं एका बाजूचं पाखं दुपारपर्यंत शाकारून झालं, सरळ, घट्ट, पाणी ठरणार नाही असं. एकदा खाली वाकून मला म्हणाले, "मेहुणी, तुझे मार्क माझ्या हातात आहेत बरं का." मी हसले. हसले, ताई.

मग थट्टा सुरू झाली. जावई आढ्यावर बसला की बायकांनी त्याला टोमणे मारायचे आणि त्यानं वरून उत्तर द्यायचं. तुझ्या लग्नानंतर आत्याच्या घरी शाकारणी झाली तेव्हा तूही मारले होतेस.

आत्यानं सुरुवात केली. "अहो जावई, पेंढी नीट धरा. बायको धरल्यासारखी काय धरता?"

"बायको कशी धरतो ते तुम्हाला कुठून माहीत, आत्याबाई?"

"हातांकडे बघून कळतं. शहरात जाऊन मऊ झालेत."

"मऊ कुठले? तुमच्या भाचीला विचारा."

"विचारायला ती आहे कुठे?" शेजारची सातुर्निना ओरडली. "आमची मुलगी कुठे टाकून आलात ते सांगा आधी."

"शिवणयंत्राला बांधून आलोय," ते म्हणाले. "सोडली असती तर धावत आली असती. मग माझं काम कोण करणार?"

सगळे हसले. आई हसली. बाबा शिडीवर होते, ते इतके हसले की त्यांनी एका हातानं शिडी धरली. मी खाली गवताची पेंढी घेऊन उभी होते. माझी पाळी होती, कारण मेहुणीनं टोमणा मारायचाच असतो, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी काही ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "दाजी, बाहेर जाताना कुलूप लावायचात, तेव्हा किल्ली कोणत्या खिशात ठेवायचात?"

आणि बायका पुन्हा हसल्या. त्यांना तो टोमणाच वाटला, चांगला जमलेला. सगळ्या माना वर करून उत्तराची वाट बघू लागल्या. आत्या म्हणाली, "बोला की जावई, पोरीनं हरवलं का?"

मी म्हटलं, "आणि तिचं ओळखपत्र? ते अजून तुमच्याच पाकिटात आहे का?"

आता कोणी हसलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते त्यांच्याकडेच बघत होते. म्हणाले, "रुफिनो, हे खरं का?"

"नवराबायकोत काहीतरी होतंच, मामा. एवढं आढं बांधून घेऊ, मग बसून बोलू."

"खाली ये."

"अर्धं राहिलंय, मामा."

"खाली ये," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही.

ते उतरले. आईनं गोठवून सुकवलेल्या बटाट्यांचा चुन्यो, उकडलेले बटाटे आणि मासे फडक्यात बांधून आणले. केलेल्या कामाचं जेवण द्यायलाच हवं, पण घरात बसवून नाही. तिनं एका हातानं गाठोडं पुढे केलं आणि दुसरा हात तसाच उघडा धरला. ते इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि आईचा हात तिथेच. शेवटी त्यांनी पाकीट काढलं आणि तुझं ओळखपत्र तिच्या तळहातावर ठेवलं. या पत्राच्या पाकिटात जे जाड लागतंय ते तेच, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. त्यावरचा तुझा फोटो शाळेतल्यासारखा दिसतो.

माझ्याजवळून जाताना ते म्हणाले, "झालीस आर्किटेक्ट."

ताई, तू फोन उचलत नाहीस ते यामुळेच का? त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी तुला आधीच काही सांगितलं असेल तर ते काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी तुला न विचारता, भर अंगणात, टोमण्यासारखं बोलले. ती तशी सांगायची गोष्ट नव्हती.

धर्मपिता त्याच दिवशी संध्याकाळी आले, तू म्हणाली होतीस तसेच, बाटल्या घेऊन. बाबांनी त्यांना बसवलं, पानं घेतली, पावसाबद्दल बोलले, बटाट्यांबद्दल बोलले. त्यांनी तुझं नाव काढलं की बाबा पुन्हा बटाट्यांकडे वळायचे. शेवटी ते बाटल्या तशाच घेऊन गेले. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, "तुला सांगितलं तिनं. मला का नाही?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला आर्किटेक्टबाई म्हणत नाहीत, नावानं हाक मारतात.

छपराचं असं झालं. एक पाखं शाकारलेलं, दुसरं उघडं, आणि रविवारी सरोवरावर ढग जमले. उघड्या कच्च्या विटा पावसात दोन दिवस टिकत नाहीत. आत्या म्हणाली, "आमचा जावई घ्या उसना, तो रिकामाच असतो." बाबा म्हणाले, "उसन्या जावयाचं छप्पर मला नको." मग त्यांनी स्वयंपाकघरासाठी आणून ठेवलेले पत्रे काढले. त्यांनी आणि मी मिळून गवत उतरवलं आणि पत्रे ठोकले. पत्र्याला घरच्यांनी हात लावला तर कोणाचं काही म्हणणं नसतं. दुपारी गारा पडल्या. आत बसलं तर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण भिंती कोरड्या राहिल्या.

बुधवारी परीक्षक आले. अर्सेबाई अंगणात थांबल्या आणि कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. दुसरे परीक्षक माझं पहिलं पान हातात धरून म्हणाले, "इथे गवत, तिथे पत्रा. संस्कृती कुठे गेली? जावई आला नाही वाटतं?"

"आला होता," मी म्हटलं.

"मग?"

मी भिंतींची जाडी सांगायला लागले. बाबा मागे उभे होते. अर्सेबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मार्चपर्यंत वेळ देते. सोपा रस्ता म्हणजे मजूर लावून शाकारून घे आणि नवे फोटो लाव, छान दिसेल. नाहीतर छप्पर का बदललं ते अहवालात लिही. कारण पटलं तर पास करू. कारणच नसेल तर मला काही करता येणार नाही."

मजूर लावून गवत चढवायचं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. तो फोटो मी बघू शकणार नाही. आणि ते पहिल्या पानावरचं वाक्य मी अजून खोडलेलं नाही. ते खोटं नाही. फक्त ते लिहिताना मला वाटत होतं की नातं म्हणजे चांगलंच काहीतरी. ज्या माणसावर आढं टेकवायचं तो माणूस कसा आहे, हे मी चित्रात कुठेच विचारलं नव्हतं. आता मला त्याबद्दलच लिहायचं आहे. डोक्यात सगळं तयार आहे, झोपताना वाक्यं येतात, उठून बसते. पण ते लिहायचं तर तुझी गोष्ट लिहावी लागेल. नाव बदललं तरी गावात आणि वर्गात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

म्हणून ते पान कोरं ठेवलंय. तू लिही म्हणालीस तर लिहीन, आणि देण्याआधी तुला वाचून दाखवीन. नको म्हणालीस तर मार्चमध्ये त्यांच्यासमोर बुधवारी उभी होते तशीच, कारण न सांगता, उभी राहीन, आणि जो निकाल लागेल तो घेऊन घरी येईन. बाबांचं मी बघेन. तू त्यांचा विचार करून हो म्हणू नकोस, आणि माझाही विचार करून म्हणू नकोस.

बाबांनी 'ये' असं लिहायला सांगितलं होतं. मी लिहिणार नाही. तुला ते कोणीतरी न्यायला आल्यासारखं वाटेल.

शनिवारी विचारायचं राहिलं, म्हणून आज विचारते आहे. उत्तराची घाई नाही. म्हणजे मला आहे, तुला नाही.

तुझी, अजून आर्किटेक्ट न झालेली,
नेलिडा