चुणी नको, पाइप पाठवा

मु. सावरपाडा, पिंपळनेर
३० जुलै २०२५

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. आधी आईला वाचून दाखवा, मग रागवा.

आमच्या बचत गटाने गावतळ्यात सोडलेले मासे मेले. सगळे नाही, निम्मे म्हणा. किती दिवस झाले, आभाळ भरलेलं, ऊन नाही, वाऱ्याची झुळूक नाही. परवा उजाडता उजाडता बघते तो मासे तोंडं वासून वर आलेले. गटातली शेवंताबाई म्हणाली, भुकेजलेत बिचारे. तुम्ही डाळमिलमधून पाठवलेली तूरचुणी, तो डाळीचा चुरा-कोंडा, आम्ही टोपल्या भरभरून ओतली. एकानेही तोंड लावलं नाही. कटला मासे पोट वर करून तरंगायला लागले तेव्हा कळलं, यांना भूक नाही, यांचा जीव घुसमटतोय.

मग काय, आम्ही पाचही जणी साड्या खोचून पाण्यात उतरलो आणि घमेल्यांनी पाणी बडवत सुटलो. हसीनाबीच्या हातात तर घरचं पातेलं होतं. पाणी उडेल तेवढी हवा त्यात मिसळते, एवढं धुळ्याच्या प्रशिक्षणात कानावर पडलं होतं. हात भरून आले तरी थांबलो नाही. निम्मे वाचले ते त्यामुळे. आणि लहानथोर बठ्ठं गाव काठावर उभं राहून हसत होतं! काही जण तर मेलेले मासे न्यायला टोपल्या घेऊन आले होते.

उपसरपंच तोताराम म्हणाला, बायकांच्या हाती तळं दिलं तेव्हाच हे ठरलं होतं; पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तुमचा ठेका रद्द करून बाहेरच्या ठेकेदाराला देतो. मी पाण्यातूनच त्याला सांगितलं, तळं सोडणार नाही.

आईच्या गुडघ्यांना जपा. रागवा, पण माया पातळ करू नका.

आपली,
दीपमाला


जळगाव
३ ऑगस्ट २०२५

चि. दीपमालास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. पातेल्याच्या ठिकाणी ती हसली आणि मग रडली, तिचं नेहमीचंच. मी हसलो नाही. लोकांनी काठावर उभं राहून माझ्या मुलीला हसावं, यासाठी मी उभं आयुष्य डाळमिलमध्ये पोती उचलली नाहीत. सोड ते तळं. जावईबापूंच्या रिक्षाला जळगावात धंदा कमी नाही, तुलाही काम मिळेल. वरची खोली मोकळी आहे. तोतारामशी वैर घेऊन त्या गावात कशी नांदणार आहेस?

आणि मासे भुकेनेच मेले, माझं हेच मत आहे. तोंड उघडणारा जीव खायला मागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उरलेल्यांना तरी पोटभर घाल. आणखी चुणी एसटीच्या पार्सलने पाठवतोय. ताजी आहे, मालकाला सांगून बाजूला काढून ठेवली आहे.

तब्येतीला जप, म्हाताऱ्याचं ऐक.

तुझा,
आबा


मु. सावरपाडा
८ ऑगस्ट २०२५

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

चुणी पाठवू नका. पाठवलीत तर पोती न सोडता परत धाडीन.

रागवाच, पण ऐका. धुळ्याला मत्स्य कार्यालयात जाऊन तिथल्या बाईंना सगळं विचारून आले. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात हवा सोडतं आणि रात्री स्वतःच ती ओढून घेतं. म्हणून पहाटे पाण्यात हवा सगळ्यात कमी. आभाळ भरलं की दिवसाची भरही होत नाही. त्यात न खाल्लेली चुणी तळाशी कुजते आणि उरलीसुरली हवा संपवते. आम्ही गाळ काढून बघितला. काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास, आणि त्यात तुमची तूर. मायेनं पाठवलीत, आम्ही मायेनं ओतली, आणि मासे मेले. हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

उपाय साधा आहे. तळ्यातलं पाणी उचलायचं आणि पावसासारखं परत तळ्यातच पाडायचं. त्यासाठी विजेची यंत्रं मिळतात, पण आमच्या शेतातली वीज नेमकी पहाटे नसते. तुमच्या जावयाने, योगराजने, मित्राकडून डिझेल इंजिन आणलंय. त्याला भोकं पाडलेला काळा पाइप जोडला की झालं. पाइपांच्या कारखान्यांचं गाव तुमचं. भंगारातला चालेल. पाठवायचाच असेल तर पाइप पाठवा.

जळगावला मी येणार नाही. खोलीत भाडेकरू ठेवा. तुमची आई पाण्यासाठी काठापासून लांब उभी राहायची, हे तुम्हीच सांगत आलात. आज तिची नात कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे, आणि तुम्ही तिला बाहेर निघ म्हणता?

हे वाचून आईवर ओरडू नका, मलाच काय ते लिहा.

तुमचीच,
दीपमाला


मु. सावरपाडा
१७ ऑगस्ट २०२५

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पाइपाचं भेंडोळं मिळालं. आत चिठ्ठीचा कपटासुद्धा नव्हता! पण भोकं तुम्हीच पाडलेली आहेत, सगळी एका मापाची आणि एका ओळीत. राग आहे तो आहे, आणि काम केलंत तेही केलंत.

इंजिन रोज पहाटे सुरू करतो. मधे पुन्हा आभाळ भरलं. लोक टोपल्या घेऊन काठावर हजर. पाणी फवाऱ्यासारखं उडत होतं आणि मासे खाली निवांत. लोक रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेले.

ग्रामसभेत तोतारामने ठराव मांडला. हसीनाबी उठून म्हणाली, यावेळी ज्याने टोपली भरून नेली त्याने हात वर करावा. असा हशा पिकला की विचारू नका. ठरावाला अनुमोदन द्यायला कोणी उठेना. तोतारामचा सख्खा चुलतभाऊ चपला शोधायला म्हणून बाहेर गेला तो आलाच नाही. ठराव बारगळला, तळं आमच्याकडे राहिलं.

मग तोताराम म्हणाला, इंजिनाच्या आवाजाने झोप मोडते, बंद करा, नाहीतर साक्रीला तालुका कचेरीत तक्रार करतो, येऊन इंजिनच उचलून नेतो. मी सांगितलं, तुमची झोप दुपारी भरून निघेल, माशाचा गेलेला जीव कशाने भरून निघणार? इंजिन चालणार.

आता तरी दोन ओळी लिहा. तुमची बोलणी खाल्ल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आपली,
दीपमाला


जळगाव
२१ ऑगस्ट २०२५

चि. दीपमालास,
माझे व आईचे अनेक आशीर्वाद, जयभीम.

चुणीचं गिळायला जड गेलं. गिळलं. लिहायचं काय ते सुचेना, म्हणून भोकं पाडत बसलो.

सोड म्हणालो होतो, ते शब्द मी मागे घेतो. माझी आई काठापासून लांब ओंजळ धरून, कोणी वरून ओतेल याची वाट बघायची. आपण आता कुणाच्या ओतण्याची वाट बघत नाही. तोताराम साक्रीला जाऊ दे, नाहीतर मुंबईला.

सोमवारच्या गाडीने येतोय. पहाटे इंजिनापाशी मी बसेन, तुम्ही बायका झोपा. इंजिन बंद कर म्हणून त्याने ओरडायचं तेवढं ओरडावं. मिलच्या यंत्रांनी माझे कान केव्हाच नेलेत.

तुझा,
आबा